चौघांपर्यंतची नजर

लवासातील दासवे येथे वरसगाव धरणाच्या पाण्याला लागून जो फरसबंद रस्ता आहे, तेथे संध्याकाळी उभे राहिले की समोरच्या इमारतींच्या खिडक्या एकदम डोळ्यांत भरतात. पिवळ्या, विटकरी, गुलाबी भिंती आणि त्यांत एकावर एक रचलेल्या चौकटी. इटलीतल्या पोर्तोफिनो बंदराची ही नक्कल मुळशीच्या डोंगरांत कशी शोभते याविषयी आमची मते आहेत, पण ती येथे अप्रस्तुत आहेत. गेल्या फेब्रुवारीत एका आडवारी आम्ही दोघे एम. ए. मराठीच्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलो होतो. दोन्ही वर्षे मिळून अकरा जण. अंधारू लागले तसे समोरच्या ओळीतील काही खिडक्यांत दिवे लागले. आमच्यापैकी एकाने सहज विचारले, "किती घरांत दिवे आहेत?" सर्वांनी एकाच वेळी, जवळजवळ एका आवाजात, "तीन" असे उत्तर दिले. कोणी बोट दाखवले नाही, कोणाचे ओठ हलले नाहीत. मग विचारले, "आणि एकूण खिडक्या किती?" आता मात्र उत्तरे पांगली. साठपासून दोनशेपर्यंत. एक विद्यार्थिनी तर म्हणाली, "सर, खिडक्या खूप आहेत, पण माणसे चार-दोन घरांतच दिसतात."

तिच्या उत्तरातील 'चार-दोन' हा शब्द आम्हांला परतीच्या वाटेवर सोडीना. समोर तीन दिवे होते हे तिला ठाऊक होते, कारण क्षणापूर्वी तिनेच ते सांगितले होते. तरीही तिने 'तीन' म्हटले नाही, 'दोन-चार' असेही म्हटले नाही. 'दोन-चार' हा निरागस अंदाज आहे. 'चार-दोन' म्हणताना मराठी माणूस थोडे नाक मुरडतो. एवढ्या मोठ्या सभेला चार-दोन टाळकी आली होती, असे आपण म्हणतो. आकड्यांचा क्रम उलटवला की कीव किंवा हेटाळणी येते. ही सूक्ष्मता कोणत्या व्याकरणात नोंदलेली आहे? आम्हांला तरी ती कोणी शिकवली नाही आणि आम्हीही कोणाला शिकवलेली नाही. या लेखाचा विषय हा आमचा हलगर्जीपणा आहे, असे म्हटले तरी चालेल.

मोजल्यावाचून संख्या कळते, ही गोष्ट तशी रोजच्या अनुभवातली. ताटात तीन पुऱ्या आहेत हे कळायला कोणी 'एक, दोन, तीन' म्हणत नाही. परंतु ही शक्ती कुठे संपते याची पद्धतशीर तपासणी झाली ती १८७१ मध्ये. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने काळ्या घेवड्याचे दाणे मुठीने एका डबीकडे फेकायचे, डबीत पडलेल्यांकडे एक कटाक्ष टाकून आकडा उच्चारायचा आणि मग मोजून पाहायचे, असा उद्योग एकट्याने १०२७ वेळा केला आणि त्याचे निष्कर्ष 'नेचर' या नियतकालिकात छापले. तीन आणि चार दाण्यांच्या बाबतीत त्याची एकदाही चूक झाली नाही. पाचाला चुका सुरू झाल्या आणि पुढे त्या वाढत गेल्या. पुढे १९४९ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी या शक्तीला लॅटिनमधील 'अकस्मात' या अर्थाच्या शब्दावरून 'सबिटायझिंग' असे नाव दिले. मराठीत त्याला रूढ प्रतिशब्द नाही. आमच्यापैकी एकाने 'संख्याभान' सुचवला, दुसऱ्याने तो फार व्यापक म्हणून नाकारला. येथे आम्ही साधेपणाने 'नजरेने ओळखणे' असेच म्हणू.

चारापलीकडे नजर आंधळी होते असे मात्र नाही. ती निराळे काम करू लागते. दहा आंबे आणि वीस आंबे यांतला फरक ती चटकन सांगते, नव्वद आणि शंभर यांतला सांगू शकत नाही. म्हणजे लहान संख्या ती नेमकी पाहते आणि मोठ्या संख्या प्रमाणाने जोखते. या दोन्हींना भाषा लागत नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पिराहा लोकांच्या भाषेत नेमक्या संख्यांचे शब्द नाहीत. पीटर गॉर्डन यांनी २००४ मध्ये दाखवले की दोन-तीन वस्तूंपर्यंत ते अचूक असतात आणि पुढे अंदाजाने चालतात. उलट मोजणे ही पूर्णपणे भाषेची कामगिरी आहे: शब्दांची एक ठरलेली माळ आणि एकेका वस्तूला एकेक मणी. नजरेचे आणि अंदाजाचे काम एकच की वेगळे, यावर शास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद होता. २०२३ मध्ये जर्मनीतील एका संशोधक-गटाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी बसवलेल्या विद्युदग्रांच्या साहाय्याने एकेका पेशीची नोंद घेतली. तेव्हा लहान संख्या आणि मोठ्या संख्या यांच्याबाबत पेशींचे वागणे निराळे आढळले, आणि सीमा पुन्हा चाराच्या आसपास. आम्ही मराठीचे शिक्षक. पेशींविषयी अधिकाराने बोलणे आम्हांला शोभणार नाही. पण ही सीमा आमच्या ओळखीची आहे. ती आम्ही रोज फळ्यावर लिहितो आणि पुसतो.

एकटा, दोघे, तिघे, चौघे. पुढे? प्रमाण मराठीत 'पाचघे' नाही. तेथे 'पाच जण' म्हणावे लागते. आकडा आणि त्याला टेकू म्हणून एक शब्द. दोघी, तिघी, चौघी आणि मग 'पाच जणी'. क्रमवाचके घ्या: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा हे शब्द निराळ्या घडणींचे, आणि पाचापासून एकच साचा, पाचवा, सहावा, सातवा, थेट हजारावा. साकल्यवाचके घ्या: दोन्ही, तिन्ही, चारी, आणि मग नुसता 'ही' जोडलेली पाचही, सहाही. आवृत्तिवाचके घ्या: दुप्पट, तिप्पट, चौपट, आणि पुढे कोरडे पाचपट, सहापट. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून शालेय व्याकरणापर्यंत संख्याविशेषणांचे हे सारे प्रकार आपण पाठ करतो. प्रकारांची नावे लिहा, दोन-दोन उदाहरणे द्या, गुण चार. (हा आकडाही चारच, हा योगायोग.) परंतु प्रत्येक प्रकारात भाषा त्याच एका उंबरठ्याशी का थबकते, हा प्रश्न आम्ही वीस वर्षांत एकदाही विचारलेला नाही.

संस्कृतात हा उंबरठा अधिक ठळक आहे. एकपासून चारपर्यंतच्या संख्यांना लिंग आहे: त्रयः, तिस्रः, त्रीणि, चत्वारः, चतस्रः, चत्वारि. पञ्चन् पासून पुढे पुरुष, स्त्री, नपुंसक सारे सारखे. प्राकृतात हा भेद झिजला. आजही 'तीन मुलगे, तीन मुली, तीन मुले' यांत 'तीन' बदलत नाही. आणि येथेच आम्हांला खरी गंमत वाटते. वारशाने आलेला लिंगभेद गमावल्यावर मराठीने वेगळ्या प्रत्ययाने 'तिघे-तिघी', 'चौघे-चौघी' असा तो पुन्हा उभा केला, आणि उभा करताना पुन्हा चारापाशीच थांबली. घर पडले, नवे बांधले, आणि कुंपण मात्र जुन्याच रेषेवर घातले. दूरच्या रशियन भाषेत दोन, तीन, चार यांच्यापुढे नाम एका रूपात येते आणि पाचापासून दुसऱ्या. लिपीतही तेच. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या लेखात जे अंक आहेत, त्यांत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. नाशिकच्या लेण्यांत तीन म्हणजे तीन रेघा. चाराला मात्र रेघा नाहीत, स्वतंत्र चिन्ह आहे. आपले २ आणि ३ हे त्याच रेघा घाईने जोडून लिहिल्याने झालेले. चिनी लिपीतही तीनपर्यंत रेघा आणि मग वेगळे अक्षर. दगडावर छिन्नी चालवणाऱ्याला चौथी रेघ मारणे जड नव्हते. वाचणाऱ्याच्या नजरेचा त्याला भरवसा वाटत नसावा.

आता वाक्प्रचारांकडे वळू. चार लोक काय म्हणतील. चारचौघांत बोलू नये ते बोलला. चार पैसे गाठीला असावेत. चार घास खाऊन घे. चार बुके शिकला म्हणून शहाणा झाला. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. या सगळ्यांत 'चार' म्हणजे चार नव्हे, असे आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. मग तेथे तीन का नाही, सहा का नाही? आमचे मत असे की येथला 'चार' म्हणजे मोजावे न लागणारे जास्तीत जास्त. 'चारचौघे' म्हणजे ज्यांचे चेहरे एका दृष्टिक्षेपात मावतात तेवढी माणसे. म्हणूनच त्यांची लाज वाटते. पाच आले की कारभार बदलतो. पंच येतात, पंचायत भरते, पाचामुखी परमेश्वर बोलू लागतो. पाच ही हाताची बोटे मोजून स्थापन केलेली संस्था आहे. कडब्याच्या पेंढ्या पाच-पाच करून बांधल्या की त्याला पाचुंदा म्हणतात, तेही मोजून बांधलेले. आणि जेथे मोजणेही सुटते तेथे मराठी उलट फारच नेमकी होते: तुझ्यासारखे छप्पन पाहिले, सतराशे साठ विघ्ने, अठराविश्वे दारिद्र्य. मोजदाद अशक्य आहे हे सांगण्यासाठी मोजल्यासारखा आकडा फेकायचा. हे तीन थर (दिसणारे, मोजलेले आणि मोजण्यापलीकडचे) मराठी बोलणारा शाळेत न जाताही सांभाळतो.

ज्या दिवशी लवासाला गेलो त्याच दिवशी जाताना, टेमघरच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो होतो. टपरीच्या एका बाजूला द्वितीय वर्षाच्या मुली उभ्या होत्या, बाकीचे विद्यार्थी समोरच्या कठड्यावर बसले होते. टपरीवरच्या मावशींनी पातेल्यात पाणी ओतता ओतता मुलींकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ह्या चौघी. आन् ती पोरं..." मग हातातली ओगराळी हवेत सात वेळा हलली आणि त्यांनी आकडा सांगितला. आम्हांला आमच्या साऱ्या व्याकरणाचा सारांश त्या एका वाक्यात मिळाला, असे नंतर वाटले. त्या वेळी मात्र आम्ही कपात साखर किती या चर्चेत होतो.

टपरीशेजारी एक बेहडा होता. सह्याद्रीच्या उतारावर बेहडा अपूर्वाईचा नाही. पाने गळू लागली होती आणि बुंध्याभोवती तपकिरी, लवदार फळांचा सडा पडला होता. झाड पाहून आमच्यातील एकाला महाभारतातला ऋतुपर्ण आठवला, आणि मग चहा निवेपर्यंत गोष्ट सांगणे आले. आमच्या अभ्यासक्रमात नळ येतो तो बहुधा रघुनाथ पंडितांच्या आख्यानातून, हंसाला हातात धरून. स्वयंवर झाले की आमचा नळ संपतो. वनपर्वातला पुढचा नळ विद्यार्थ्यांना भेटतच नाही. हा नळ राज्य द्यूतात घालवून, रूप बदलून, बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाचा सारथी झालेला आहे. ऋतुपर्णाला एका दिवसात विदर्भात पोहोचायचे आहे. भरधाव रथातून जाताना राजाला आपली विद्या दाखवण्याची हुक्की येते. वाटेतल्या बेहड्याकडे पाहून तो सांगतो, की झाडावर आहेत त्यांपेक्षा खाली पडलेली पाने व फळे एकशे एकाने अधिक आहेत. त्या दोन फांद्यांवर पाने पाच कोटी आणि फळे २०९५. नळ रथ थांबवतो. म्हणतो, मी झाड पाडून मोजणार. राजाला उशीर होत असतो. तो मनधरणी करतो, पण नळ ऐकत नाही. शेवटी राजा म्हणतो, बरे, फांदीचा एक भाग मोज, म्हणजे तुझी खात्री पटेल. नळ मोजतो आणि फळे तेवढीच निघतात. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो राजाकडून ती अक्षविद्या घेतो, आणि ती मिळताच त्याच्या देहातून कली बाहेर पडून त्याच बेहड्यात शिरतो.

या गोष्टीवर इयन हॅकिंग या तत्त्वज्ञाने संभाव्यतेच्या इतिहासावरील आपल्या १९७५ च्या ग्रंथात लक्ष वेधले आहे. आम्हांला तिच्यात तिघांचे तीन स्वभाव दिसतात. ऋतुपर्ण अंदाज करतो. 'एक भाग मोज' हे त्याचे वाक्य पाहा; त्याची विद्या चमत्काराची नसून भागावरून सगळ्याचा हिशेब करण्याची असावी. नळ मोजतो; राज्य गमावलेला माणूस दुसऱ्याच्या आकड्यावर पुन्हा विश्वास ठेवणार कसा? आणि तिसरे म्हणजे ते झाड. प्राचीन द्यूतात फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत. ऋग्वेदातील अक्षसूक्तातही त्यांचा उल्लेख आहे. मूठभर फळे घ्यायची आणि चार-चारांचे गट करून बाकी किती उरते ते पाहायचे, असा तो खेळ असावा असे अभ्यासक मानतात. काहीच न उरले तर कृत, तीन उरली तर त्रेता, दोन उरली तर द्वापर, एक उरले तर कली. म्हणजे युगांची नावे आणि फाशांची नावे एकच, आणि पुन्हा तेच चार. ज्याची नजर मुठीतले गट झटकन पाहू शकते तो जिंकणार. नळाला नेमके तेच येत नव्हते.

येथे आमच्या दोघांतील मतभेद नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. आमच्यापैकी जो भाषाविज्ञान शिकवतो त्याला व्याकरणातील चाराची सीमा आणि नजरेची सीमा यांचे हे लग्न घाईचे वाटते. त्याचे म्हणणे असे: जे शब्द वारंवार वापरले जातात तेच अनियमित राहतात, कारण रोजच्या वापराने त्यांची जुनी रूपे टिकतात. 'जाणे'चे भूतकाळी 'गेला' होते, त्यात मेंदूच्या कोणत्या पेशीचा हात आहे? लहान संख्या जास्त बोलल्या जातात, म्हणून 'दुसरा-तिसरा' वाकडे राहिले आणि 'सतरावा' सरळ झाला. एवढे पुरे. शिवाय संस्कृतात 'षष्ठ' हाही काही 'सप्तमा'च्या साच्यातला नाही. दुसरीचे उत्तर असे, की लहान संख्या जास्त बोलल्या जातात हे खरेच. देहेन आणि मेहलर यांनी १९९२ मध्ये अनेक भाषांतून ते दाखवलेही आहे. पण त्या जास्त का बोलल्या जातात? आणि 'दोघे, तिघे, चौघे' ही रूपे जुनी टिकलेली नाहीत, नव्याने घडलेली आहेत. घडवताना भाषा पाचावर का गेली नाही? हा वाद लवासाहून पिरंगुटपर्यंत चालला आणि पुण्यात शिरताना वाहतुकीने मिटवला. आम्ही तो मिटलेला मानत नाही. परंतु असा वाद मराठीच्या वर्गात व्हायला हवा याविषयी मात्र दोघांचे एकमत आहे.

कारण ही रूपे जात आहेत. आमच्या उत्तरपत्रिकांत 'आम्ही तीन मित्र', 'ते दोन लोक', 'चार मुली आम्ही होतो' असे सर्रास येऊ लागले आहे. 'दोघे' अजून तग धरून आहे, 'तिघी' दुर्मिळ होत आहे, 'चौघींनी' हे रूप लिहिताना विद्यार्थी अडखळतात. 'चारी दिशांना' ऐवजी 'चार दिशांना' येते. हे अशुद्ध नाही, म्हणून आम्ही त्यावर लाल रेघ मारू शकत नाही. पण 'चौघी आल्या' आणि 'चार मुली आल्या' ही एकच गोष्ट नव्हे. पहिल्या वाक्यात त्या एकमेकींबरोबर आहेत, बोलणाऱ्याने त्यांना एकत्र पाहिले आहे. दुसऱ्यात त्या मोजल्या आहेत. त्या वेगवेगळ्या रिक्षांतून आल्या असतील. कथा वाचताना हा भेद कळला नाही तर निवेदक कुठे उभा आहे हेच कळत नाही.

२०१९ च्या जून महिन्यात इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील संख्यावाचनावरून केवढा गदारोळ झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. 'एकवीस' ऐवजी 'वीस एक', 'बावीस' ऐवजी 'वीस दोन'. जोडाक्षरे मुलांना अवघड जातात, असे गणित समितीच्या वतीने मंगला नारळीकर यांनी शांतपणे समजावले. विधिमंडळापासून समाजमाध्यमांपर्यंत चेष्टेला ऊत आला. मराठीचे प्राध्यापकही त्यात होते. आमचे मत त्या वेळी त्या कोलाहलात सामील होते, हे मान्य करतो. आज ते तसे राहिलेले नाही. त्रेसष्ट आणि सदुसष्ट हे मोजण्याच्या माळेतले मणी आहेत. त्यांचा घाट बदलला तर कानाला खटकेल, पाढ्यांची लय बिघडेल. हे नुकसान आहेच, पण मुलाला गणिताची गोडी लागत असेल तर त्याच्याशी तडजोड करता येते. 'चौघी' या शब्दाशी तशी तडजोड करता येत नाही, कारण तो मोजण्याचा शब्दच नाही. 'त्रेसष्ट'साठी आपण रस्त्यावर उतरलो आणि 'तिघी' गेली तेव्हा कोणाला कळलेही नाही. भाषेच्या रक्षणातही आपण मोठ्या आकड्यालाच भुलतो.

मोठ्या आकड्याला भुलण्याचे स्मारक पाहायचे असेल तर लवासाहून योग्य जागा नाही. सुमारे तीन लाख लोकवस्तीचे शहर कागदावर होते. पाच नगरे होणार होती, त्यांतले दासवे पहिले. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली, वर्षभराने सशर्त मंजुरी मिळाली आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेथे आज काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल: विद्यापीठाचा परिसर आहे, सुटीच्या दिवशी पर्यटकांची वर्दळ असते, आम्ही गेलो तो आडवार होता. पण तीन लाख ही संख्या नजरेने ओळखता येत नाही, जोखताही येत नाही, ती फक्त लिहिता येते. या डोंगरांतल्या वाड्यांवर घरे किती, त्यांत कोण कोण राहते, हे तेथला माणूस बघून सांगू शकत होता. एका बाजूला बघून सांगता येणारी संख्या आणि दुसऱ्या बाजूला लिहूनच सांगता येणारी. जमिनीच्या व्यवहारात कोणती वरचढ ठरते, हे मुळशीकरांना १९२१ च्या सत्याग्रहापासून ठाऊक आहे. याविषयी अधिक लिहिण्याचा अधिकार आमच्याहून इतरांचा आहे.

आमच्या अधिकारातले एवढेच, की एम. ए. द्वितीय वर्षाच्या वर्गात आम्ही हजेरी घेत नाही. दारातून आत पाऊल टाकले की कळते. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा याच विषयाला सर पाने उलटत क्रमांक पुकारीत. आता क्रमांक पुकारला तर समोरची चौघी हसतात. महाविद्यालयाच्या अहवालात 'विद्यार्थिसंख्या: ४' असे लिहिले जाते. वाचणारा त्यावरून विभागाचे भवितव्य ठरवतो, आणि त्याचे गणित चुकीचे आहे असे आम्हांला म्हणता येत नाही. आम्हांला त्या चार दिसत नाहीत, चौघी दिसतात, ही आमची अडचण कोणत्या रकान्यात भरावी?

या सत्रात व्याकरणाच्या तासाला आम्ही एक लहान काम दिले आहे. घरात, गावात, बाजारात ऐकलेले संख्येचे शब्द लिहून आणायचे. पाठ्यपुस्तकातले चालणार नाहीत. पहिल्याच आठवड्यात एकीने आजीकडून 'गंडा' आणला: चाराचा गट. कवड्या गंड्याने मोजीत, असे आजीने सांगितले. "आजी एकेक कवडी मोजायची का?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, आजी मूठ उघडून नुसते बघायची आणि बाजूला ठेवायची.